कादर लोहाराचा भाता

चिंचवडच्या वेशीजवळ कादरची लोहारशाळा होती. पलीकडे पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं निघाली होती आणि तिथल्या मजुरांच्या पहारी, टिकाव धार लावायला त्याच्याकडे येत. पहारींबरोबर माणसंही येत. एखादी बायको पिणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून आणायची, "भाऊ, ह्येला बगा," म्हणायची आणि निघून जायची. जणू कादरला दुसरा उद्योगच नव्हता!

सरकारने दारूबंदी केली होती, पण पवनेकाठच्या बाभळींत हातभट्टी बिनघोर चालली होती. कादरनेही ती वर्षानुवर्षं ढोसली होती. एकदा प्यायलेल्या अवस्थेत त्याने घण घातला, तो लोखंड धरून बसलेल्या बायकोच्या, रहमतबीच्या हातावर पडला. तिची बोटं वाकडी झाली ती कायमची. त्या दिवशी त्याने दारू सोडली. अंगाला कापरं भरलं, तेव्हा त्याच रहमतबीने त्याला भात्यापाशी बसवलं. "वढ. बोलू नगंस," एवढंच ती म्हणाली. भाता ओढताना हातांना कापायला सवड मिळत नव्हती.

पुढे आलेल्या प्रत्येकाला कादरने तेच सांगितलं. काही सुटले, बरेचसे पगार झाला की पुन्हा बाभळींकडे वळले, आणि बोल मात्र कादरला लागला. लोखंडाचा शीण झोपेने जायचा, माणसांचा काही केल्या जात नव्हता.

एके दिवशी सकाळीच सोनबा गवंड्याची बायको दारात येऊन उभी राहिली. सोनबा म्हणजे कादरचा अभिमान. सुटला तो सुटलाच, असं कादर चारचौघांत सांगायचा. तोच सोनबा पहाटे बाभळींतल्या हातभट्टीशेजारी मरून पडलेला सापडला होता. "तुमी म्हनला व्हता, आता भ्या न्हाई," एवढं बोलून ती गेली. कादरला वाटलं, हिने दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या.

दुपारी ज्योतीराम आला. मराठवाड्यातून माती वाहायला आलेला हा गडी, सुटायचा आणि पुन्हा प्यायचा. त्याने धोतराच्या घोळातून भरलेली बाटली काढली.

"घ्या भाई. माझ्यानं फेकवना."

अशी बाटली आली की कादर ती तिथल्या तिथे राखेत ओतायचा. आज त्याने बूच काढलं. वास नाकात गेला आणि त्याने तो पुन्हा एकदा ओढून घेतला. त्याने बूच परत लावलं, बाटली कोळशाच्या ढिगामागे ठेवली.

"जा आता तू."

ज्योतीराम हलला नाही. "वता की."

"वततो मागनं."

"म्या बी असंच म्हनत असतो, भाई."

कादरचं डोकं सणकलं. "तू मला शिकवनार? तू?" तो ओरडला. मग खाली बघत म्हणाला, "सोनबा मेला रे. माझ्यानं आता न्हाई व्हत."

ज्योतीरामने ढिगामागची बाटली उचलली. दातांनी बूच उपटलं. तो बाटलीकडे बघत राहिला. कादरला भीती वाटली, हा पितोय. आणि त्याहून मोठी भीती ही, की याने एक घोट मागे ठेवला तर आपण नको म्हणणार नाही.

ज्योतीरामने तोंड फिरवलं आणि सगळी बाटली राखेत उलटी केली. मग भात्यापुढचा पाट पायाने सरकवला.

"बसा, भाई. वढा. बोलू नका."

कादर बसला. भाता ओढू लागला आणि सोनबासाठी दाबून धरलेलं रडू तेव्हा कुठे बाहेर आलं. समोर ज्योतीराम उभा होता, स्वतःचे कापणारे हात काखेत दाबून.

रहमतबी चहा घेऊन आली. तिने ओली राख पाहिली, पाटावर बसलेला नवरा पाहिला. इतक्या वर्षांत तिच्याशिवाय कोणी कादरला बस म्हटलं नव्हतं. तिने पहिला कप ज्योतीरामच्या हातात दिला.