बेचाळीस हसरे चेहरे

आदिवासी पाड्यावरच्या मानसोपचार केंद्राने येणाऱ्यांची मतं घेतली होती. मोजणीसाठी तिथे काम करणाऱ्या मित्राने मला बोलावलं. कागदावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे छापलेले. बेचाळीस कागद, आणि बेचाळीसही अंगठे हसऱ्यावर. मी खाली 'शंभर टक्के समाधानी' असं लिहिलं.

बाहेर ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "काय निघालं, भाऊ?"

"सगळे खूश आहेत."

"जे येतात ते खूशच असणार. माझी सून दोनदा आली, मग थांबली. तिला कुठं विचारलं?"

"का थांबली?"

"एकटीला आत घेऊन दार लावलं. आमच्यात दुखणं चार माणसांत बसून सांगतात. तिला वाटलं, आपल्या हातून काही गुन्हा झाला. आता घरातही बोलत नाही."

मी वीस वर्षं शाळेत टक्केवारी शिकवतो आहे; पण न आलेल्यांना या मोजणीत जागाच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आम्ही घरी येऊन तिला विचारू?"

"या. पण काय विचारायचं ते आधी आमच्यात बसून ठरवा. अनोळखी माणूस दारात दिसला, की ती रानात निघून जाते."