वाऱ्याच्या नावावर तोडलेला जांब

एप्रिलमध्ये धाकट्या भावाचा आरमोरीहून फोन आला. "बाई, जांब गेला. कालच्या वादळात पडला."

आमच्याकडे मोठी बहीण म्हणजे बाई आणि जांब म्हणजे पेरू. एटापल्लीच्या शाळेत रुजू होण्याआधी घरामागच्या वाडीत मी तो लावला होता, तांदळाचं धुवण घालून वाढवला होता. सुट्टीत घरी गेले की आधी वाडीत जायचे, मग घरात. पौर्णिमेला माय टोपलीभर जांब विहारात नेऊन पोरांना वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. आलापल्लीच्या अलीकडे आभाळ इतकं काळवंडलं की ड्रायव्हरनं दिवे लावले. मग गारा सुरू झाल्या. टपावर कोणी खडी ओततंय असा आवाज. शेजारच्या बाईच्या मांडीवर मोहफुलांचं गाठोडं होतं. खिडकीची काच फुटली तशी ती गाठोड्यावर पालथी झाली. "अंगणात वाळू घातलेले तं गेलेच," ती म्हणाली, "हे तरी राहू दे."

पुढं ऐनाचं मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं. पाऊस ओसरल्यावर जवळच्या गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, आम्हीही उतरून फांद्या ओढल्या. वाऱ्यानं मोडलेलं खोड मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. पिळवटून फाटलेलं, सालीच्या लांब चिंध्या लोंबत होत्या.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पिशवी ओट्यावर टाकून वाडीत गेले. जांबाचं खोड वीतभर उरलं होतं आणि वरून ताटासारखं सपाट होतं. भोवती करवतीचा भुसा भिजून मातीला चिकटला होता. शेजारी मुरूम पसरलेला, लोखंडी खांब रोवलेले. बाजूच्या वांग्यांची एक फांदीही मोडली नव्हती.

माझ्या डोक्यात सणक गेली. जागेवरूनच भावाला हाक मारली. तो बनियनवरच बाहेर आला.

"हे हवेनं केलं?"

"बाई, हळू बोल. लोकं ऐकून राह्यले."

"ऐकू दे. हवेच्या हातात करवत होती काय?"

तो म्हणाला, "गाडी उन्हात तापते. शेड टाकाचा होता. तुले विचारलं असतं तं तू नाईच म्हटलं असतं."

"म्हणून खोटं बोलला?"

"तू राह्यतं कुठी इथी? दोन दिवस येतं अन् जातं. एका झाडापायी येवढं!"

माय दारात उभी होती. तिच्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"तो म्हणे, बाईले सांगू नको." पदराशी चाळा करत ती म्हणाली, "मलेही वाटलं, वादळानं पडलं म्हटलं तं तुले कमी दुःख होईन."

एसटीतल्या त्या बाईनं गारा पाठीवर घेतल्या होत्या. तिची मोहफुलं वादळानं खरोखर नेली होती. आणि माझा सख्खा भाऊ वादळाच्या नावाआड लपला होता! मायनं ताट वाढलं, मी ते परत सरकवलं.

सकाळी उठून फावडं घेतलं. हळदीचे कंद, मोगरा, लिंबाचं लहान रोप, मी लावलेलं जे जे उचलता येईल ते मुळांसकट काढून पोत्यात भरलं. भाऊ जवळ आला. "दे, मी खोदून देतो."

"हात लावू नको."

तो मागं सरकला. शेजारच्या बाया कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. मी एकीलाही काही सांगितलं नाही आणि लपवलंही नाही.

भर उन्हाळ्यात उपटलेला मोगरा एटापल्लीला आठ दिवसांत वाळला. त्याचाही राग मी भावावरच काढला, खरं तर उपटला मी होता. लिंबू मात्र माझ्या क्वार्टरमागं जगलं, हळदही फुटली.

पावसाळ्यात भाऊ मायला घेऊन आला. चहा घेतला, मागं जाऊन लिंबाजवळ बराच वेळ उभा राहिला. "बाई, चुकलं माझं," म्हणाला.

"हो, चुकलं."

त्याला आणखी काही ऐकायचं असावं. मी दोघांना जेवू घातलं. निघताना माय गाडीत बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "आतातरी सोड तो राग."

"नाई सुटत, माय," मी म्हटलं. तिचा पदर आत सारला आणि दार लावलं.