गोऱ्या आजींच्या बशा

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी बोरीत एक अमेरिकन जोडपं राहायला आलं. दोघंही साठी ओलांडलेले. तिकडच्या नोकऱ्या संपल्या, मुलं आपापल्या संसाराला लागली, म्हणून उरलेली वर्षं मिशनला द्यायला ते आले होते. आजोबा गावोगावचे नादुरुस्त हातपंप दुरुस्त करायचे. आजी लहान बाळांची वजनं घ्यायच्या, बायकांना शिवण शिकवायच्या. आमचे हे त्यांच्या जीपवर ड्रायव्हर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

आम्ही बौद्ध, एकदा धर्म बदललेले. त्यामुळे हे आता ख्रिस्ती होणार, असं गावाने ठरवून टाकलं होतं. सासूबाईंनाही तोच घोर. मला तो कधी लागला नाही. यांच्या डोक्यात एवढ्या सहज काही शिरत नाही, हे मला अकरा वर्षांच्या संसारात कळलं होतं. माझं दुखणं निराळं होतं.

एकदा शाळा सुटल्यावर घराची किल्ली आणायला मी मिशनच्या बंगल्यावर गेले. मागच्या ओट्यावर दोन घमेली मांडलेली, एकात साबणाचं पाणी, एकात साधं. आजोबा बशा धूत होते आणि आमचे हे फडक्याने पुसून एकावर एक रचत होते. कपांचे कान सगळे एका बाजूला. आजी वेताच्या खुर्चीत बसून घरून आलेलं पत्र वाचून दाखवत होत्या आणि तिघंही हसत होते. मला पाहून हे म्हणाले, "थांब जरा, दोनच राहिल्यात."

हेच गृहस्थ घरी जेवण झालं की ताटातच हात धुऊन, ताट तिथंच सोडून उठायचे.

किल्ली घेऊन मी निघाले. त्या दिवसापासून मला त्या बाईचं काहीच सहन होईना. भाजीत मीठ कमी पडलं तर हे ताट सरकवायचे. पण आजींच्या उकडलेल्या बटाट्यात मीठच नसतं, हे कौतुकाने सांगायचे. माझा स्वेटर उसवला तर ते यांना दिसायचं नाही, आजींच्या चष्म्याची दांडी मात्र स्वतः परभणीला नेऊन बसवून आणली. पासष्ट वर्षांच्या, पायात मोजे घालणाऱ्या म्हातारीचा मला मत्सर वाटत होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तरी सासूबाईंनी ओळखलंच.

"लय भाकरी आपटायलीस," त्या म्हणाल्या. "म्हातारीवर जळायलीस व्हय?"

मी नाही म्हटलं आणि पुढची भाकरीही तशीच आपटली.

मग पंपांचं काम पूर्णेकडच्या गावांत सुरू झालं. जोडप्याने मुक्काम ताडकळसला हलवायचं ठरवलं. यांनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. घरी येऊन म्हणाले, "तू बदलीचा अर्ज टाक. तिकडंबी शाळा हायेत." मी अर्ज केला नाही, तर हे आठवडाभर तिकडे राहणार होते. सहा दिवस तिच्या बशा पुसणार आणि सातव्या दिवशी येऊन माझ्यापुढे खरकटं ताट टाकणार.

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेले. माझ्या नवऱ्याला इथंच राहू द्या, दुसरा ड्रायव्हर बघा, असं सरळ सांगायचं ठरवून गेले होते. आजींनी चहा दिला. मी कपाकडे बघत बसले आणि तोंडून दुसरंच निघालं. आजोबा पहिल्यापासून बशा धुतात का, असं मी विचारलं.

त्या पुस्तकातलं मराठी सावकाश बोलायच्या. "चाळीस वर्षं एकही धुतली नाही," त्या म्हणाल्या. "बाई, मी इकडे यायला तयार नव्हते. माझ्या मुलीला बाळ होणार होतं. यांना मात्र यायचंच होतं. मग मी म्हटलं, येते. पण तिकडे बशा तुमच्या."

"आणि ते लगेच कबूल झाले?"

"तीन दिवस प्रार्थना केली," आजी म्हणाल्या, "आणि मग झाले."

ते बाळ त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्याचा फोटो भिंतीवर होता. मला त्यांची दया यायला हवी होती. पण आली ती आणखी एक असूया. या बाईने जाण्याआधी किंमत मागितली होती. मी लग्न होऊन आले, नोकरी धरली, सासूबाईंचं सगळं केलं, आणि काहीच मागितलं नव्हतं.

घरी येऊन यांना सांगितलं, बदलीचा अर्ज करते, पण ताडकळसला संध्याकाळची भांडी तुमची. आधी ते हसले. मी हसत नाही हे दिसल्यावर म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"दार लावून घ्या."

तीन दिवस अर्ज कपाटात पडून होता. यांनी प्रार्थना केली नाही. चौथ्या दिवशी जेवून उठले ते ताट हातात घेऊनच. सासूबाई बघत राहिल्या. सकाळी मी अर्ज दिला.

ताडकळसला आम्ही शेजारी शेजारी राहिलो. दीड वर्षाने आजींची तब्येत बिघडली आणि दोघं मायदेशी परत गेले. पूर्णा स्टेशनवर हे हमसून रडले. माझे वडील गेले तेव्हा यांच्या डोळ्याला टिपूस नव्हता, ते मला तिथंच आठवलं.

अजूनही संध्याकाळची भांडी हेच धुतात. दार आता उघडंच असतं. कपांचे कान एका बाजूला लावतात, आणि त्या बंगल्यात ऐकलेली प्रार्थनेची चाल गुणगुणत राहतात. मी दुसरं काहीतरी म्हणा म्हणते. दोन ताटं होईपर्यंत म्हणतात. तिसऱ्याला पुन्हा तीच चाल.