उतारावरची पिकअप

नंदुरबारात शिरताना वाळत्या मिरचीचा ठसका लागला की मला ती दुपार आठवते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मामीला डबा द्यायला पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, गेले होते. लालभडक मिरच्यांच्या कडेला मामी बायकांबरोबर देठ खुडत बसली होती. तेवढ्यात वरच्या उतारावर उभी केलेली पिकअप हळूहळू मागे सरकायला लागली. आत कुणीच नव्हतं आणि बायकांची पाठ गाडीकडे होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पाय मात्र केव्हाच पळत सुटले होते! कानात फक्त छातीचे ठोके. उघड्या दारातून मी आत झेप घेतली आणि मामा ओढायचे तसा हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. बायकांपासून हातभर अंतरावर गाडी करकचून थांबली. खाली उतरले आणि मला हसूच आवरेना. मामी धावत आली. "अय पोरी, हासी काय ऱ्हायनी? तुन्हा पायमातीन रगत वाही ऱ्हायनं!" चप्पल कुठेतरी पडली होती, तळव्यात काच घुसली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मग गुडघे असे लटपटायला लागले की मामीने मला पोत्यावर बसवलं आणि कितीतरी वेळ ती पाठीवरून हात फिरवत राहिली. आता मी मुलींना गाडी शिकवते. पहिल्या दिवशी एखादीचे हात थरथरले, तर मी तिला ‘घाबरू नको’ असं म्हणत नाही. ‘थरथरू दे, अंग तयार होतंय,’ म्हणते आणि किल्ली तिच्या हातात देते.