कंधारच्या तळ्याकाठचा मुक्काम

आमच्या नात्यात एक रीत आहे. नवरा गेलेल्या बाईनं घराबाहेरची पहिली रात्र माहेरीच काढायची. भावानं येऊन तिला न्यायचं, मगच ती इतर कुठं मुक्कामाला जायला मोकळी. हे गेले, पण मला न्यायला येणारा एकुलता भाऊ त्यांच्याही आधीच गेला होता. कंधारचं माहेरचं घरही विकलं गेलं. मी आता लातूरच्या घरातच बसून राहणार, हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं.

दारात आमची गाडी उभी होती. निवृत्तीनंतर यांनी शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, बाकडी काढली आणि आत फळ्यांचा पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. किल्ले बघत हिंडायचा आमचा बेत होता. मलाही चालवता यावी म्हणून शेजारी बसून शिकवायचे आणि खड्डा आला की डोळे मिटून घ्यायचे. सहल मात्र एकच झाली.

दीर म्हणाले, "वहिनी, गाडी नुसती गंजून राहिलीय. गिऱ्हाईक आलंय, परवा दाखवायला नेतो."

"परवा ती इथं नसेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले. अहमदपूर मागं पडलं तरी बोटं स्टिअरिंगवर आवळलेलीच होती. कंधारला तळ्याच्या काठावर लिंबाच्या सावलीत गाडी लावली. धुणं धुणाऱ्या बायकांनी गाडीत वाकून पाहिलं.

"एकटीच आलाव?"

"हाव, एकटीच."

किल्ला पाहून घेतला. यांनी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात तटाचा नकाशा होता. त्यात शेळ्या नव्हत्या, खंदकाच्या पाण्याचा वासही नव्हता. मग जुन्या पेठेत शिरले. आमच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. समोरच्या उंबऱ्यावर आईची मैत्रीण, आमची शेजारीण, जिला मी मावशीसारखं खाला म्हणायची, तूरडाळ निवडत बसली होती.

"मास्तराची पोरगी ना गं तू?" माझ्या कपाळाकडे पाहून ती थांबली. सूप बाजूला सारून तिनं मला जवळ ओढलं. मुक्काम कुठं, तिनं विचारलं. मग गाडीचं ऐकून ती उसळली.

"गाडीत झोपणार? येडी हैस का? माझ्याकडं ऱ्हा. मी तुझ्या मायची मैतरीण, हेच तुझं माहेर. लाव दिराला फोन, मीच सांगते."

इतक्या मायेनं कुणी मला वाट काढून दिली नव्हती. तिच्याकडं झोपले असते तर रीत पाळली गेली असती, दिरांना तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण मग पुढच्या प्रत्येक गावी मला कुणाचं तरी घर शोधावं लागलं असतं.

"नाही खाला. मी गाडीतच झोपणार. रीत पाळली म्हणून सुटले, असं मला नको."

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "मायवर गेलीस. तीबी अश्शीच, लई हट्टी." आणि सूप उचलत म्हणाली, "मग जेवण घेऊन मीच येते. बघू तरी तुझा महाल."

दिवेलागणीला ती डबा घेऊन आली आणि गाडीच्या दारात अडकली. "तुझ्या नवऱ्यानं माझ्या अंगाचा काई इचार न्हाई केला," ती तिथूनच ओरडली. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

ती गेल्यावर दार लावून घेतलं. पलंगावर खिडकीकडची बाजू यांची. मी मधोमध आडवी झाले. रडू आलं, तरी सरकले नाही.

सकाळी दिरांचा फोन आला. "कुणाकडं राहिलात?"

"गाडीत."

"वहिनी, लोक विचारतील. मी काय सांगू?"

"गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा. आणि लोकांना सांगा, वहिनींना छान झोप लागली."