गडग्यापलीकडचं औषध

दोन हजार सालानंतर आमच्या भागात सेंद्रिय आंब्याचं वारं शिरलं. ज्या सरकारी साहेबांनी शाळेच्या पडवीत बसून कोणतं औषध किती पाण्यात घालायचं ते शिकवलं होतं, तेच त्याच पडवीत गोमूत्राचे गुण सांगू लागले. ज्या देशांनी औषधं विकली, त्यांनाच आता औषध नसलेला हापूस हवा होता. मला हसू आलं, रागही आला, आणि तरी मी त्यात पडलो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. फवारणीनं मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे मरतात, त्यांना खाणारे कोळीही मरतात. तुडतुडे लवकर परततात, कोळी नाही. हे फळ्यावर सांगायचं आणि घरी येऊन पंप पाठीला लावायचा, याचा मला वीट आला होता.

सेंद्रिय बागेचा दाखला हवा तर तीन वर्षं औषधाचा थेंब नको, असा नियम. पहिल्या वर्षी मोहोर काळा पडला. दुसऱ्या वर्षी आढीत आंब्यापेक्षा पेंढाच जास्त आहे, असं बायको म्हणाली. जाळी विणणारे कोळी मात्र परत आले होते, आणि ते फक्त मलाच दिसत होते.

शेजारची बाग माझ्या थोरल्या चुलतभावाची, दादाची. मध्ये गडगा, नुसते दगड रचून घातलेला. तो कोणी किती सरकवला यावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. त्याचं औषध वाऱ्यानं येतं म्हणून गडग्यालगतची माझी कलमांची ओळ दाखल्यातून वगळावी लागली. ते त्याच्या कानावर गेलं. "माझ्या वाऱ्यानं ह्याची कलमं बाटतात होय!" असं तो बाजारात चार लोकांत म्हणाला. त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. नियमाची भाषा तशीच होती.

तिसऱ्या वर्षी ऐन मोहोरात मला कावीळ झाली आणि मी रत्नागिरीत दवाखान्यात पडलो. बायको माझ्यापाशीच. एका दुपारी दारात दादा उभा, हातात शहाळी.

"कसा आहेस रे? पार पिवळा झालास की." तो खाटेच्या कडेला बसला. "बागेची काळजी करू नको हां. तुडतुड्यानं कहर केलाय यंदा. तुझा मोहोर जळत होता, मला बघवेना. माझ्याबरोबर तुझ्यापण सगळ्या कलमांवर औषध मारून घेतलं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. दाखल्याला एवढाच एक मोहोर उरला होता. मला संताप आला, रडू आलं, आणि इतक्या वर्षांनी तो मला 'रे' म्हणाला याचं बरंही वाटलं. हे सगळं एकदम सोसायची ताकद अंगात नव्हती.

"बरं केलंस, दादा," मी म्हटलं.

घरी आल्यावर काठी टेकत बागेत गेलो. मोहोरात कणी, बारीक बारीक फळं, छान धरली होती. कोळी एकही दिसेना. गडग्याला खिंडार होतं. फवारणीचा पाइप पोचत नव्हता म्हणून दादानं दगड काढून वाट केली होती. ज्या दगडांपायी आम्ही भांडलो, तेच त्यानं कडेला नीट रचून ठेवले होते.

दाखल्याच्या तपासनिसाला मी फोन करून औषधाचं, खिंडाराचं, सगळं खरं सांगितलं.

"मग पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. त्याचाही आवाज दमलेला होता. "आणि तेवढं खिंडार बुजवून घ्या."

त्या वर्षी आंबा भरपूर झाला. खिंडार बुजवायचं मात्र राहून गेलं. अजून अशक्तपणा आहे, असं मी सांगत असे. अशक्तपणा केव्हाच गेला होता.

पुढच्या मोहोराला दादा त्याच वाटेनं पाइप ओढत आला.

"घेऊ काय रे मारून तुझ्या कलमांवरपण?"

माझ्या डोळ्यांपुढे ते कोळी आले, फळ्यावरचा धडा आला. बायको चहा टाकायला आत गेली.

"घे," मी म्हटलं, आणि दगडात अडकलेला त्याचा पाइप सोडवायला उठलो.