बाजरीच्या कणसांची जुडी

तिसगावजवळची आमची पडीक जमीन रस्त्यात गेली आणि सरकारकडून एकरकमी पैसा आला. तोवर आम्ही नवरा-बायको साधे शिक्षक होतो. बातमी फुटली त्याच रविवारी चर्चमधल्या एका पंचाने आम्हाला मागच्या बाकावरून उठवलं.

"तुमी मागं बसून कसं चालंल? पुढं चला."

ह्यांना ते आवडलं. मला मात्र उपासना संपेपर्यंत पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवत राहिले.

पुढे कापणीचा सण आला. त्या दिवशी जो तो आपल्या शेतातलं, घरातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतो. भोपळे, अंडी, एखादा गावरान कोंबडा. उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांचा लिलाव करतात आणि पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातात. चाळीस-पन्नासाच्या बोली, थट्टामस्करी, असा तो कार्यक्रम. ह्यांच्या आत्या चर्चच्या मागेच एकट्या राहतात. त्या अंडी आणायच्या आणि बाजरीच्या कणसांची जुडी विकत न्यायच्या. वर्षभर ती त्यांच्या दारावर टांगलेली असायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जुडीवर दुसरं कुणी बोली लावत नसे.

त्या वर्षी पहिलाच भोपळा हातात घेऊन पाळकसाहेब ह्यांच्याकडे बघून हसले. "साहेब, सुरुवात तुमच्यापासून."

"हजार," हे म्हणाले. टाळ्या पडल्या. मग प्रत्येक वस्तूला सगळ्या माना आमच्याकडे वळू लागल्या. मी बाही ओढली. "आता पुरे."

"थांबलो तर म्हणतील, पैसा आला आणि हात आखडला," हे ओठ न हलवता पुटपुटले. कॉलर घामाने भिजली होती.

जुडी वर धरली गेली. मागून बारीक आवाज आला, "पन्नास."

"पाच हजार," हे वळूनही न बघता म्हणाले.

टाळ्यांच्या गजरात मी मागे पाहिलं. आत्या नोट पुन्हा पदराच्या टोकाला बांधत होत्या.

दुसऱ्या दिवशी जुडी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आत्यांनी चहा दिला, पण जुडीला हात लावला नाही.

"आत्या, घ्या ना. तुमचीच आहे."

"माजी कशी? पैसं तुमी दिलं. फुकटची नको मला. मी इकत घ्यायला आल्ते."

जुडी घेऊन तशीच परत आले.

चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत मी वर्षानुवर्षं त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट सांगत आले आहे. येशू त्याला म्हणतो, सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. त्याला धीर झाला नाही, असं मी मुलांना सहज सांगायची. लिलावानंतरच्या रविवारी मला ते म्हणवेना. एका मुलीने विचारलं, "बाई, मग तो परत आला का?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी सणाला मी म्हटलं, "जाऊयाच नको."

"मग म्हणतील, मंडळी नकोशी झाली."

गेलो. पुढचा बाक आमच्यासाठी मोकळाच ठेवला होता. जुडी आली, आत्या म्हणाल्या, "पन्नास." पाळकसाहेब थांबले. "साहेब?" ह्यांनी मान खाली घातली. मी त्यांचा हात धरला. तीनदा विचारून पाळकांनी जुडी आत्यांना दिली. आत्या पुढे आल्या, जुडी घेतली आणि आमच्याकडे न बघता गेल्या. बाहेर चहाच्या टेबलाशी कुणीतरी आम्हाला ऐकू जाईल असंच बोललं, "एवढं मिळालं, तरी पाच पैसं सुटंनात."

महिन्याभरात आम्ही नगरच्या एका मंडळीत नाव लावलं. तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मागच्या बाकावर बसून हे पुन्हा मोकळ्या गळ्याने गाणी म्हणू लागले. दोन महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी बेल वाजली. तिथले तीन पंच दारात उभे होते. एकाच्या काखेत नव्या सभागृहाच्या नकाशाची गुंडाळी होती.

"या, बसा ना," हे म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळून उकळून निम्मं झालं, तरी माझा पाय बाहेर निघेना.